हात मांडीवर

"हात काढला का?" मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी पेटीपासून केव्हाच लांब सरकले होते. दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. मोबाइल समोर पत्र्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात रेकॉर्डिंग चालू होतं.

"काढला, मास्तर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून, आपल्या डाव्या अंगाला, जिथे भाताची पोती एकावर एक रचली होती तिकडे बघत ते बसून राहिले. खुर्चीत बसल्याबसल्या उजवा पाय फरशीपासून चार बोटं वर उचललेला. तो खाली येईना. मग डोळे भरून आले, आणि पाय अलगद खाली ठेवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"सांझ परी, दीप धरो अब..."

पूरिया धनाश्री. वय ऐंशी, माणसांची नावं विसरलेली, जेवलो की नाही ते आठवत नाही. पण स्वर दावणीला बांधलेल्या गुरासारखे आपापल्या जागी. 'अब'वर आले, थांबले, पाय उचलला.

"हात काढला का?"

मला काहीच कळेना. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाटलं, त्यांच्या पेटीला हात लावलेला आवडला नाही. दुसऱ्यांदा वाटलं, मोबाइल नको असेल. आता माझ्याकडे काढायला आणखी हातच उरले नव्हते.

भीमाकाकू दारात बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. मास्तरांची बायको. वालाची साल चिमटीने उडवत, मान वर न करता त्या म्हणाल्या, "ह्ये तुला नाय इचारत गं."

"मग कुणाला?"

"मला काय ठावं? वरीस झालं. पयली वळ म्हनतात, थांबतात, इचारतात. मी सांगते, काढला वो, समद्यांनी काढलं हात. त्यांना पटत नाय. मग रडतात. मग परत पयल्यापासनं."

"आणि पुढची ओळ?"

"पुढची वळ वरीसभर कोनी आयकली नाय."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. ज्या कामासाठी एवढ्या लांबून आले होते, ते होणार नव्हतं. काम काय होतं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मेघा. इथल्याच, पोशीरच्या बौद्धवाड्यातली, मास्तरांच्या घरापासून चौथं घर. गेली एकोणीस वर्षं नेदरलँड्समध्ये शास्त्रीय गाणं शिकवते. हे वाक्य पोशीरमध्ये उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, शाल आणि हारतुरे येतात. प्रत्यक्षात सायकलच्या दुकानावरची एक खोली आहे. जिन्यात ओले रेनकोट टांगलेले, खालून पंप मारल्याचा आवाज. सुरिनाममधून तिथे येऊन स्थायिक झालेल्या हिंदुस्तानी घरांतल्या मुली येतात, त्यांच्या आया खाली गाडीत बसून मोबाइल बघतात. एक निवृत्त पोस्टमन येतो. त्याला षड्ज लागायला तीन वर्षं लागली, आणि लागला त्या दिवशी तो केक घेऊन आला. सहा महिन्यांसाठी म्हणून एका मंडळाने बोलावलं होतं. राहिले ती राहिलेच. तिथे मी 'भारतातली', इथे मी 'फॉरेनची'. दोन्हीकडे पाहुणी, आणि पाहुणीला कोणी खरं विचारत नाही, तिनेही ते सांगायचं नसतं.

मास्तर म्हणजे पांडू मास्तर. ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. साजगावच्या एका कारखान्यात पत्र्याची झाकणं दाबून काढणाऱ्या पावर प्रेसवर होते. खोपोलीत एक भजनीबुवा होते, त्यांच्याकडून ऐकून ऐकून रागदारी उचललेली. मी नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "पोरगी गुनगुनते ती बरी गुनगुनते. मी शिकवतो." का, कशासाठी, काही नाही. त्याआधी त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं, नंतरही नाही. आठ वर्षं दर गुरुवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. पुढे मुंबईला जाऊन एम. ए. केलं, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली, पण गळ्यात जे आहे ते त्या आठ वर्षांचं.

त्यांची ती बंदिश होती आणि तिच्यात ती जागा होती. 'दीप धरो अब' म्हटल्यावर थांबायचं. श्वासापुरतं नाही, चांगलं लांब. आणि थांबलं की हात मांडीवर. हा नियम कडक होता. माझा हात कुठे पेटीवर, कुठे वेणीत गेलेला असला की मास्तर गाणं तोडून म्हणत, "हात मांडीवर." मी का म्हणून विचारलं नाही. आमच्याकडे मास्तरांना का म्हणून विचारायची पद्धत नव्हती.

हा थांबा मी तिकडे नेला. आमचा तबलजी पहिल्याच दिवशी अडला. "किती मात्रा?" त्याने विचारलं. मी म्हणाले, मोजायच्या नसतात. तो म्हणाला, मग मी सम कुठे देऊ? मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही असं परक्या देशात शिक्षकाने म्हणायचं नसतं, असं तेव्हा मला वाटायचं. म्हणून मी म्हणाले, "माझे गुरू म्हणायचे, इथे गायकाने बाजूला व्हावं, म्हणजे गाणं आपलं आपण पुढे जातं."

मास्तर असं काही म्हणाले नव्हते. ते जास्तीत जास्त "चाललं", "परत" आणि "हात मांडीवर" एवढंच म्हणत.

पण वाक्य खपलं. इतकं खपलं की वर्षावर्षाला गुळगुळीत होत गेलं आणि मलाही ते मास्तरांच्या आवाजात ऐकू यायला लागलं. हात मांडीवर घेणं ही एक मुद्रा ठरली. आज त्या सायकलच्या दुकानावर चाळीस माणसं 'अब' म्हटलं की एकदम थांबतात आणि हात मांडीवर घेतात, पोस्टमनसकट. माझी विद्यार्थिनी मारिके हिने या थांब्यावर पुस्तक लिहिलंय. त्यात एक प्रकरण आहे, 'पोशीर परंपरा'. ते वाक्य मास्तरांच्या नावाने पहिल्या पानावर आहे. छापायला जायच्या आधी मारिकेला फक्त एक हवं होतं. मास्तरांच्या तोंडून ते वाक्य, व्हिडिओवर, अर्धा मिनिट.

आणि मी ते आणायला आले होते. आजारी माणसाला समोर बसवून, त्याने कधी न म्हटलेलं वाक्य त्याच्याकडून वदवून घ्यायला. विमानात बसल्यावर ही गोष्ट मला इतकी उघडी दिसली नव्हती.

"काय म्हनायचं व्हतं त्यांनी?" भीमाकाकूंनी विचारलं.

मी वाक्य सांगितलं. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं.

"असं कवा म्हनलं ह्ये?"

"म्हणाले नाहीत."

"मग?"

मी डब्याला टेकवलेला मोबाइल काढून पालथा ठेवला. काकूंनी सोललेल्या डाळिंब्या पाण्यात टाकल्या आणि बराच वेळ त्या पाण्यात हात फिरवत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यापरास तू मालोजीला इचार," शेवटी त्या म्हणाल्या. "पिरेसवर दोघं संगती व्हते. ह्ये पाय, तो हात, असं म्हनायचे. आता खालापुरात असतो. पोराचं झेराक्सचं दुकान हाय, कचेरीसमोर."

"तुम्ही कधी विचारलं नाही त्यांना?"

"त्याचं नाव घरात काढू देत नव्हते. मशिनीत बोटं गेली त्याची, तवापासनं. भांडन झालं आसंल म्हनलं. कंपनीतलं कंपनीत."

मास्तर एवढ्या वेळात पाचव्यांदा 'अब'वर येऊन थांबले होते.

दुसऱ्या दिवशी मी कपिलच्या टेंपोत बसले. कपिल माझा धाकटा भाऊ. साजगावच्या कारखान्यांचा माल इकडून तिकडे करतो. कर्जत सोडेपर्यंत मी त्याला पुस्तकाचं सगळं सांगितलं. 'पोशीर परंपरा' म्हटल्यावर त्याने गिअर बदलता बदलता माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे घरानं?"

"तसंच काहीतरी."

"आपल्या वाड्यात? ताई, आपल्याकडं नळाला पानी कवा येतं ते सांगता येत नाय कोनाला, आनी तिकडं लोक आपलं घरानं शिकतायत." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मास्तर माझ्या तर कधी वाटंला गेले नाय. मी पन बरा गायचो."

"तू बेसूर होतास."

"ते झालंच. पन तुलाच का शिकवलं, याचं मला लहानपनी लई वाटायचं."

मलाही आत्ता तेच वाटत होतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की माझ्या गळ्यात काही होतं म्हणून. पलसदरीच्या चढाला टेंपो धापा टाकायला लागला.

खालापूरला तहसील कचेरीसमोर दाखल्यांसाठी माणसांची रांग होती. 'निलेश झेरॉक्स'च्या काउंटरच्या टोकाला एक म्हातारा माणूस स्टेपलर घेऊन बसला होता. माणसं कागदांचा गठ्ठा पुढे करत, तो टाचून देई. दर वेळी आधी म्हणे, "बोट काढा." समोरच्याने बोट काढल्याचं नीट बघून मगच दाबायचा. डाव्या हाताने. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून नव्हती.

"मालोजीकाका ना?" मी विचारलं.

"कागद द्या."

"कागद नाहीत. मी पोशीरहून आले. पांडू मास्तरांकडे गाणं शिकायचे मी, लहानपणी."

त्यांनी स्टेपलर खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच का ती पोरगी? फारेनला गेलेली?" आणि मग जरा थांबून, "हाय का अजून तो?"

"आहेत. पण विसरतात सगळं. एक बंदिश तेवढी म्हणतात. तीही पहिलीच ओळ."

"ती संज परी का काय ती?"

आणि त्या रांगेत, सातबाऱ्याच्या आणि जातीच्या दाखल्याच्या गर्दीत, मालोजींनी ती ओळ म्हणून दाखवली. एकही स्वर जागेवर नव्हता. पण थांबा होता. 'अब' म्हणून ते थांबले, आणि त्यांचा तो तीन बोटांचा हात काउंटरवरून उठून आपसूक मांडीवर गेला.

चाळीस माणसांना शिकवलेली ती मुद्रा एका झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासमोर बसली होती.

"काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोन? पिरेसवर असंच असायचं." त्यांनी मला स्टूल दिलं. "हे बघ. पाय मारला की वरनं डाय, म्हंजे लोखंडी साचा, खाली येनार. खाली काय हाय ते तिला दिसत नाय. पांडू पायावर, मी हातावर. मी पत्रा आत ठेवायचा, झालेलं झाकन भाईर घ्यायचं. त्या आवाजात हो म्हनलेलं ऐकू येत नाय, थांब म्हनलेलं ऐकू येत नाय. याचा सूर तेवढा मशिनीच्या वरनं यायचा. मग आमचं ठरलं. तो गातोय तवर माझा हात आत. तो गप झाला की हात भाईर. भाईर म्हंजे मांडीवर. त्याला दिसाया पायजे. मग तो इचारायचा, काढला का. मी मान हालवायचो. मग पाय."

"रोज?"

"सा वरसं. आठ तासाची पाळी. तूच हिशेब कर किती वेळा ते."

मी हिशेब केला नाही. मला आठवत होतं ते मास्तरांचं गुडघा किंचित हलवणं. शिकवताना ते मांडी घालून बसत. थांबा संपता संपता उजवा गुडघा जरासा दबायचा. मी समजत होते, ते आतल्या आत ताल धरतात. एका कार्यक्रमात मी हेही लोकांना सांगितलं होतं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या.

"मग बोटं?" मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

मालोजींनी उजवा हात काउंटरवर ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला.

"एकोननव्वद. दिवाळीच्या आधी. त्या दिवशी त्याचं गानं लागलं व्हतं. मला त्यातलं काय कळत नाय. पन त्या दिवशी मला पन कळलं. 'अब'वर आला आनी थांबलाच नाय. वर गेला. पाय मातर सवयीनं आला खाली."

रांगेतल्या एका बाईने कागद पुढे केले. त्यांनी "बोट काढा" म्हणून टाचून दिले. मग पुढे सांगायला लागले.

"सायबानं इचारलं, कसं झालं. मी म्हनलं, माझं ध्यान नव्हतं. पांडूला वाटलं मी त्याला वाचवाया खोटं बोललो. खोटं नव्हतं ते. मी गानं ऐकत व्हतो."

"म्हणजे चूक कुणाची?"

"कुनाची नाय. गानं लांबलं."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला कुठे बघावं कळेना. मी विचारलं, "मग तुमचं भांडण?"

"कसलं भांडन? दवाखान्यात आला, दारातनंच मागं गेला. दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली. कारखान्यात परत गायला नाय. लग्नाकार्यात दिसला तरी माझ्या डाव्या अंगानं जायाचा, हा हात दिसू नये म्हनून. बोटांचं मला काय नाय बघ. डाव्या हातानं सगळं जमतं. पन इतक्या वरसांत येक डाव तरी मालोजी म्हनून हाक मारायची का नाय?"

एकोणनव्वदची दिवाळी. त्यानंतरच्या थंडीत मास्तर आमच्या दारात आले होते. मी नऊ वर्षांची होते, मला इतकंच आठवतं की त्यांना बसायला दिलेल्या पाटावर ते बसले नाहीत, उभ्या उभ्याच बोलले. कारखान्यात गाता येईना, आणि न गाता राहवेना, म्हणून चार घरं सोडून एक गुणगुणणारी पोर त्यांनी शोधली. मग तिला आधी काय शिकवलं तर थांबायला, आणि हात मांडीवर घ्यायला. माझ्या गळ्यात काही होतं की नव्हतं, मला आता सांगता येत नाही. कपिलला काय सांगायचं तेही कळत नव्हतं.

"काका, मास्तर रोज विचारतात, हात काढला का. वर्षभर विचारतायत. काकू उत्तर देतात, मी दिलं, त्यांना ते चालत नाही. तिथेच अडतात आणि रडतात."

समोर दोन कोरे कागद पडले होते ते मालोजींनी उचलले, कडा जुळवल्या आणि उगाचच टाचले. मग आत बघून मुलाला हाक मारली. "निल्या, दुकान बघ. मी पोशीरला चाललो."

टेंपोत आम्ही तिघं पुढच्या सीटवर. कपिलला काही विचारायचं होतं, पण आमचे चेहरे बघून त्याने गाणीसुद्धा लावली नाहीत. कर्जतच्या अलीकडे माझा मोबाइल वाजला. मारिकेचा निरोप होता: व्हिडिओ झाला का, सोमवारी छापखान्याला द्यायचंय.

मी लिहिलं, "पहिल्या पानावरचं वाक्य काढून टाक. ते मास्तरांचं नाही. माझं आहे."

तिचं उत्तर आलं, "मग त्या थांब्याबद्दल काय लिहू? तो काय आहे?"

मी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. गाणं आहे म्हणावं तर तो मशीनचा नियम होता. मशीनचा नियम म्हणावं तर माझ्या आयुष्यात त्याच्याइतकी खरी गाण्याची जागा दुसरी नाही. खिडकीकडेला बसलेल्या मालोजींच्या मांडीवर तो हात पालथा पडला होता. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

पोशीरला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. भातं कापून गेलेल्या शेतांत वाल वीतभर वर आला होता. भीमाकाकूंनी मालोजींना ओळखलं, पदर सारखा केला. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कपिल दाराशीच थांबला.

मास्तर खुर्चीत होते. मालोजी समोर जाऊन उभे राहिले. "पांडू," ते म्हणाले.

मास्तरांनी पाहिलं. काही उमटलं नाही.

"मालोजी आल्यात वो, साजगावचे," काकू म्हणाल्या.

"मालोजी कामावर हाय," मास्तर म्हणाले. "दुसरी पाळी त्याची."

मालोजींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते परत जातील, आणि दोष माझा. पण ते खोलीत इकडे तिकडे बघत राहिले, जागा शोधावी तसे. मग कोपऱ्यातलं लाकडी स्टूल त्यांनी डाव्या हाताने उचललं, पोत्यांपाशी नेऊन ठेवलं आणि त्यावर बसले.

"मी या अंगाला असायचो," त्यांनी मला सांगितलं.

मी पेटी पुढे ओढली आणि नुसता षड्ज धरला. मोबाइल पर्समध्येच होता. मास्तरांनी डोळे मिटले.

"सांझ परी, दीप धरो अब..."

थांबले. पाय वर उचलला. डोळे उघडून डावीकडे, पोत्यांकडे पाहिलं.

"हात काढला का?"

भीमाकाकू चुलीपासून उठून दारात आल्या होत्या. मी काही बोलायचं नाही एवढं मला कळत होतं. मालोजींनी तो तीन बोटांचा हात उचलून मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"काढला रं, पांडू. मार पाय."

मास्तरांचा पाय खाली आला. फरशीवर त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. त्यांनी श्वास घेतला आणि वर्षभर कुणी न ऐकलेली ओळ निघाली.

"कौन दिसा से आये पथिक..."

ओळ सुरू झाली तसा मालोजींचा हात मांडीवरून उठला, समोरच्या मोकळ्या हवेत आत गेला, काहीतरी ठेवून, काहीतरी उचलून घेतल्यासारखा झाला, आणि ओळ संपायच्या आत परत मांडीवर आला.

"काढला का?"

"काढला."